जखमी कुत्र्याला पहिली मदत: जखमेच्या आधी हिरड्या बघा

मुंबई-आग्रा महामार्गावर गाडीची धडक बसलेलं कुत्रं दिसलं की बघणाऱ्याची नजर आधी रक्तावर जाते. रक्त दिसलं की 'आता काही खरं नाही', आणि कुत्रं उठून लंगडत पळालं की 'वाचलं बिचारं'. हे दोन्ही अंदाज पुष्कळदा चुकतात. फाटलेल्या कानातून भिंतीभर रक्त उडतं, पण जिवाला धोका नसतो. उलट धडकेनंतर स्वतःच्या पायांनी गेलेलं कुत्रं पोटातल्या रक्तस्रावाने संध्याकाळपर्यंत मरू शकतं. त्यामुळे पट्टी सुबक बांधता येण्यापेक्षा कुठे थांबून चालेल आणि कुठे चालणार नाही, हे ओळखता येणं जास्त कामाचं.

हात लावण्याआधी

रस्त्यावर असाल तर आधी स्वतःची सोय बघा. गाडी कडेला, चारही इंडिकेटर चालू, आणि एक माणूस येणाऱ्या वाहनांना हात दाखवायला उभा. एकट्याने रात्री हायवेच्या मधोमध वाकू नका.

दुखावलेलं कुत्रं मालकालाही चावतं, अनोळखी माणसाला तर चावतंच. समोरून चाल करून जाऊ नका. बाजूने, हळू, खालच्या आवाजात बोलत जा, डोळ्यांत रोखून बघू नका आणि डोक्यावरून हात नेऊ नका. ओठ वर उचलणं, कान मागे पाडणं, अंग ताठ करणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं ही चावण्याआधीची सूचना असते. गुरगुरणारं कुत्रं निदान सांगून चावतं. गप्प, ताठ झालेल्याची जास्त काळजी घ्या.

मुसकं बांधायला चार इंची रोलर बँडेज, ओढणी किंवा जुन्या साडीची साधारण सव्वा मीटर लांब पट्टी पुरते. मध्यभागी सैल फास करा, नाकाड्यावरून अडकवून वरच्या बाजूला एक गाठ द्या, दोन्ही टोकं हनुवटीखाली आणून फुली करा आणि कानांमागे मानेवर सहज सुटेल अशी गाठ मारा. नुसतं नाकाड्यावर बांधलेलं मुसकं कुत्रं पुढच्या पायाने दोन सेकंदांत काढतं. कानांमागची गाठ त्यासाठीच असते.

मुसकं कुठे बांधू नये हेही तितकंच महत्त्वाचं. धाप लागली असेल, उलटी होत असेल, जबडा मोडलेला वाटत असेल, शुद्ध हरपली असेल किंवा पगसारखं चपट्या तोंडाचं कुत्रं असेल तर तोंड बांधायचं नाही. अशा वेळी डोक्यावर जाड टॉवेल किंवा गोधडी सैल टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि मागच्या बाजूने काम करा.

हिरडी, श्वास, नाडी

वरचा ओठ उचला आणि सुळ्याच्या वरची हिरडी बघा. गुलाबी आणि ओलसर असेल तर ठीक. त्यावर अंगठा दाबून सोडा: जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. जास्त वेळ लागला, किंवा हिरडी मुळातच पांढरट, राखाडी वा निळसर असेल, तर जखम कुठे आहे हे शोधत बसू नका. कुत्रं शॉकमध्ये आहे, म्हणजे अंगभर रक्त नीट पोचत नाही, किंवा त्याला प्राणवायू पुरत नाही. गुंडाळा आणि निघा. आपल्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा जन्मतःच काळ्या असतात, तिथे ही परीक्षा चालत नाही. मग खालची पापणी अलगद ओढून आतला रंग बघा.

श्वास लांबूनच मोजा. छाती १५ सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजून चाराने गुणायचं. शांत पडलेल्या कुत्र्यात हा आकडा मिनिटाला १० ते ३० असतो. ४० च्या वर गेला आणि प्रत्येक श्वासाला पोट आत ओढलं जात असेल, मान लांब आणि कोपर बाहेर काढून कुत्रं बसलेलं असेल, तर छातीत काहीतरी बिघडलंय. उन्हात जीभ काढून धापणं वेगळं. त्यात पोटाला अशी ओढ नसते.

नाडी मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेजवळ, दोन बोटांनी लागते. मध्यम बांध्याच्या कुत्र्यात मिनिटाला ७० ते १२० ठोके धरायचे. ठोके भराभर पण बोटाला जेमतेम जाणवत असतील आणि पंजे गार लागत असतील तर पुन्हा शॉकच.

या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. फक्त एकच अपवाद: रक्ताची चिळकांडी उडत असेल तर आधी तिथे हात.

रक्त

कुत्र्याच्या अंगात किलोमागे साधारण ८० ते ९० मिली रक्त असतं. म्हणजे १५ किलोच्या गल्लीतल्या कुत्र्यात जेमतेम सव्वा लिटर. त्यातलं ३०० मिलीच्या आसपास गेलं की प्रकरण हाताबाहेर जायला लागतं. डांबरी रस्त्यावर पसरलेलं रक्त मात्र असतं त्यापेक्षा जास्त वाटतं, त्यामुळे डबकं बघून घाबरण्यापेक्षा हिरडी बघा.

थांबवण्याचा उपाय एकच, दाब. गॉजची जाड घडी, नसेल तर धुतलेला रुमाल जखमेवर ठेवून तळव्याने दाबा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं हात हलवू नका. बहुतेकांचं चुकतं ते इथे. 'थांबलं का?' म्हणून दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून बघितलं जातं, आणि नुकतीच धरू लागलेली गुठळी कापडाबरोबर निघून येते. कापड भिजलं तर ते न काढता त्यावरच दुसरं ठेवा. पाच मिनिटांनी धार कमी झाली की त्याच घडीवर रोलर बँडेज घट्टसर गुंडाळा. कापूस थेट जखमेवर नको, त्याचे धागे आत चिकटतात.

पायाला सुतळी, रबर किंवा बुटाची नाडी करकचून बांधणं हा प्रकार रक्तापेक्षा जास्त नुकसान करतो. बारीक दोरीने खालच्या पायाचा रक्तपुरवठा तुटतो आणि पुढे पाय कापायची वेळ येते. जोरदार दाबानेही चिळकांडी थांबत नसेल तरच, दोन बोटं रुंद कापडी पट्टी जखमेच्या वर बांधा, किती वाजता बांधली ते लिहून ठेवा आणि तडक दवाखाना गाठा.

कान फाटला असेल तर कुत्रं डोकं झटकत राहतं आणि रक्त उडत राहतं. कान डोक्यावर उलटा दुमडून त्यावर गॉज ठेवा आणि डोक्याभोवती पट्टी गुंडाळा, दुसरा कान बाहेर ठेवून. हनुवटीखाली पट्टीत दोन बोटं सहज शिरली पाहिजेत. तुटलेल्या नखाचं रक्तही असंच घाबरवतं. मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर चिमूटभर घेऊन नखाच्या टोकावर दोन-तीन मिनिटं दाबून धरला की बहुतेक वेळा भागतं.

ज्या जखमा छोट्या दिसतात

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात कुत्रा हे बिबट्याचं सोपं भक्ष्य. त्याच्या तावडीतून सुटलेल्या कुत्र्याच्या मानेवर केसांत दडलेली दोन-चार भोकं दिसतात, रक्त नावापुरतं. पण सुळा आत खोल गेलेला असतो आणि झटापटीत कातडी खालच्या स्नायूपासून सुटलेली असते. मानेवर अलगद बोटं फिरवा. कातडीखाली चुरचुरल्यासारखं लागलं तर श्वासनलिकेला छेद जाऊन हवा बाहेर येते आहे. हे कुत्रं चालत-फिरत असलं तरी लगेच न्यायचं. गळपट्टा काढा, मानेला काही गुंडाळू नका आणि भोकं बुजवू नका: हळद, चुना, मलम भरून तोंड बंद केलं की आत गेलेले जंतू तिथेच वाढतात आणि तीन-चार दिवसांत पूने टरारून फुगतं. गल्लीतल्या कुत्र्यांच्या मारामारीतल्या चाव्यालाही हेच लागू. दोन्ही प्रसंगी कुत्र्याच्या रेबीजच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारायचं. बिबट्याची खबर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर द्यावी.

संक्रांतीच्या सुमाराला दुसरा प्रकार येतो, नायलॉन मांजाचा. येवल्यात तर पतंगांचा उत्सव तीन दिवस चालतो, आणि बंदी असूनही हा मांजा नंतर आठवडे कुंपणांवर, झाडांवर, गटारात पडून राहतो. तो तुटत नाही आणि कुजतही नाही. कुत्र्याच्या पायाला गुंडाळला की केसांत दिसेनासा होतो आणि चालताना आवळत जातो. दिसते ती फक्त सुजलेली पंजाची बाजू. केस ओले करून बोटांनी चाचपा, बोथट टोकाच्या कात्रीने मांजा दोन ठिकाणी कापा आणि सैल झालेले तुकडेच काढा. मांसात रुतलेला ओढू नका. तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबणारा तर मुळीच नाही, आतडी करवतीने कापल्यासारखी चिरली जातात. मांजाने किंवा काचेने पंजामागे चीर पडली असेल तर कुत्र्याला उभं करून बोटं बघा. एखादं बोट जमिनीला न टेकता वर उचललेलं राहिलं, तर आतली शीर नव्हे, स्नायूबंध तुटलाय. तो त्याच दिवशी शिवून घेतला तर जोडतो, आठवड्याने दाखवलं तर बोट तसंच राहतं.

गाडीच्या धडकेतही बाहेरून खरचटण्यापलीकडे काही दिसेलच असं नाही. आत फुफ्फुसाला मार लागलेला असू शकतो आणि त्याचा श्वासावरचा परिणाम पुढच्या २४ तासांत वाढत जातो. छाती आणि पोट यांमधला पडदा फाटून पोटातले अवयव छातीत सरकतात, मूत्राशय फुटतं. म्हणून धडक बसलेलं कुत्रं बरं वाटलं तरी एक दिवस बांधून ठेवा, दर दोन तासांनी श्वास मोजा आणि लघवी होते का, तिचा रंग काय, हे बघा. बारा तासांत लघवीच झाली नाही किंवा लाल झाली तर थांबायचं नाही.

छातीच्या जखमेतून श्वासाबरोबर 'फस्स' आवाज येत असेल तर स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा त्यावर तळव्याने दाबून धरा आणि तसंच न्या. पोट फाटून आतडी बाहेर आली असतील तर आत ढकलू नका. सलाइनने भिजवलेल्या स्वच्छ कापडात झाकून टॉवेलने पोटाभोवती आधार द्या, आणि कुत्रं ती चाटणार नाही एवढं बघा. सळई, काटकी, काच अंगात रुतली असेल तर काढू नका, दोन्ही बाजूंनी कापडाचे बोळे लावून ती हलणार नाही असं करा. पगसारख्या कुत्र्याचा मारामारीत डोळाच खोबणीतून बाहेर येतो. सलाइनने भिजवलेला गॉज त्यावर ठेवा, दर काही मिनिटांनी ओला करा. तासाभरात दवाखान्यात पोचलात तर निदान डोळा वाचवायची संधी असते.

द्राक्षबागेत तोंडाला किंवा पायाला अचानक सूज आली आणि दोन ठिपके दिसले तर साप चावलाय असंच समजा. चिरा देऊ नका, बांधू नका, चालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारं प्रतिविष कुत्र्यांनाही देतात, पण ते डॉक्टरांकडेच. निघण्याआधी फोन करून साठा आहे का ते विचारा.

धुणं आणि पट्टी

रक्त थांबलेली, उथळ जखम घरी धुता येते. औषधाच्या दुकानातली ५०० मिली नॉर्मल सलाइनची बाटली सर्वांत सोयीची. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे चहाचे दीड सपाट चमचे मीठ. सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजने धार मारा. माती, डांबराची खडी, केस वाहून जाईपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा सिरिंजा. आजूबाजूचे केस कापताना जखमेत व्हॅसलीन किंवा ओला गॉज भरून ठेवा, म्हणजे कापलेले केस आत पडत नाहीत. मग पोव्हिडोन आयोडीन सलाइनमध्ये फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. दाट लावल्याने जास्त गुण येत नाही, उलट नवी पेशी जळते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला बरा वाटतो, पण तोही तेच करतो. डेटॉल, फिनाईल कुत्रं चाटतं आणि ते पोटात जातं.

पंजाची गादी कापली असेल तर बोटांच्या मध्ये गॉजचे छोटे बोळे घाला, नाहीतर घामाने तिथे चिघळतं. पट्टी खालून वर गुंडाळत न्या आणि मधल्या दोन बोटांची नखं उघडी ठेवा. संध्याकाळी ती नखं बघा: एकमेकांपासून फाकलेली दिसली किंवा बोटं गार लागली तर पट्टी घट्ट झाली आहे, ताबडतोब सोडा. पावसात पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी फक्त बाहेर नेताना चढवा आणि परत आल्यावर काढा. पट्टीत रबरबँड कधीही नको. तो केसांत सरकून कातडीत रुततो आणि आठवड्याने वास येईपर्यंत कुणाला कळत नाही.

जून ते सप्टेंबर हा किड्यांचा हंगाम. माशीने अंडी घातल्यापासून दिवसभरात अळ्या होतात, म्हणून पावसाळ्यात उघडी जखम एक रात्रही तशी सोडू नये. अळ्या पडल्याच तर पेट्रोल, फिनाईल, डांबरगोळ्यांची पूड हे गल्लोगल्ली चालणारे उपाय टाळा. अळ्या मरतात खऱ्या, पण जिवंत मांसही जळतं आणि डांबरगोळी चाटून कुत्रं विषबाधेने मरतं. सलाइनने धुवा, चिमट्याने दिसतील तेवढ्या काढा, आणि बाकीचं काम डॉक्टरांनी सांगितलेल्या स्प्रेने, दररोज, आत एकही उरत नाही तोवर करत राहा. कान, डोळा आणि गुदद्वाराजवळच्या अळ्यांना घरी हात घालू नका.

उचलणं आणि नेणं

पाय मोडला असेल तर घरी खपची बांधण्याचा मोह आवरा. पट्टी आणि काठीच्या वजनाने मोडलेलं टोक आणखी हलतं, कधी कातडी फोडून बाहेर येतं. हाड बाहेर आलेलंच असेल तर ओल्या गॉजने झाका आणि ढकलाढकल करू नका. कुत्र्याला मोडलेला पाय वर येईल असं कुशीवर झोपवा, बाकी ते स्वतः पायाला जपतं.

लहान कुत्रं एक हात छातीखाली आणि दुसरा मांड्यांच्या मागे घालून उचलतात. मोठ्याला, किंवा मागचे पाय ओढत चालणाऱ्याला, असं उचलू नका, पाठीचा कणा मोडलेला असू शकतो. त्याला सपाट आधार लागतो. प्लायवूडची फळी उत्तम. ती नसेल तर चौकातला उतरवलेला फ्लेक्स, आणि नाशिकच्या कोणत्याही चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एखादा तरी सापडतोच. फ्लेक्स गुळगुळीत असतो आणि ताणला की फाटत नाही. तो पाठीच्या बाजूने अंगाखाली सरकवा, दोघांनी चारही टोकं ताणून एकदम उचला, आणि डोकं, मान, कंबर एका रेषेत ठेवा. रिक्षात मागच्या सीटपेक्षा पायाशी ठेवणं बरं, ब्रेक लागला तर पडत नाही.

गुंडाळायला चादर. शॉकमध्ये अंग गार पडतं, पण गरम पाण्याची बाटली थेट अंगाला लावू नका, भाजतं. उन्हाळ्यात उलट. एप्रिल-मेच्या दुपारी उष्माघात झालेल्या कुत्र्याच्या अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा, गुदद्वारातलं तापमान ३९.५ सेल्सिअसला आलं की थांबा आणि मग न्या. बर्फ नको.

तोंडात पाणी, दूध किंवा बिस्किट घालू नका. हे दयेपोटी होतं आणि यातच सगळ्यात जास्त घात होतो. अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेलं पाणी फुफ्फुसात जातं. भर म्हणजे भूल देऊन ऑपरेशन करायची वेळ आली तर भरलेलं पोट आडवं येतं.

दुखतंय म्हणून माणसाची गोळीही नाही. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, व्होवेरान, डोलो. यांतली पहिली तीन पोटात व्रण पाडतात आणि मूत्रपिंड निकामी करू शकतात, पॅरासिटामॉल यकृतावर येतं. घरी आणल्यावर त्याला वेगळं खायला घालतानाही कांदा आणि द्राक्ष-बेदाणे टाळा. आपल्या जिल्ह्याची दोन्ही मुख्य पिकं कुत्र्याला विषारी आहेत. कांद्याने रक्तातल्या पेशी फुटतात, द्राक्षाने मूत्रपिंडं जातात, आणि किती द्राक्षांनी जातील हे आधी सांगता येत नाही.

श्वास थांबला आणि नाडीही लागत नसेल तर कुशीवर झोपवून छातीच्या रुंद भागावर, छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत दाब द्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दर ३० दाबांनंतर तोंड मिटून धरा आणि नाकातून दोन श्वास, छाती वर येईल एवढेच. रस्त्यात हे करून कुत्रं वाचतं असं क्वचितच होतं. तरी वाटेत दुसऱ्या माणसाने चालू ठेवलं तर नुकसान काही नाही.

जनावरांचा सरकारी टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे. फिरतं पथक मुख्यतः गायी-म्हशींसाठी असल्याने कुत्र्यासाठी ते येईलच असं धरू नका, पण जवळचा दवाखाना कळतो. फोनवर वजन, हिरडीचा रंग, श्वासाचा आकडा, रक्त किती वेळापासून, आणि पट्टी केव्हा बांधली एवढं सांगितलं की डॉक्टर तयारीत राहतात.

आपलाच हात

कुत्र्याने चावलं, ओरखडलं, किंवा त्याची लाळ तुमच्या कातडीवरच्या चिरेला लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद-मिरची नाही, टाके घालण्याचीही घाई नाही. त्याच दिवशी रेबीजची लस: दंडाच्या स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं. 'कुत्रं दहा दिवस बघू, जिवंत राहिलं तर लस कशाला' हा हिशेब इथे उपयोगाचा नाही. जखमी कुत्रं त्या दहा दिवसांत जखमेनेही मरू शकतं, आणि मेल्यावर ते कशाने मेलं हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही.